बंदरावरचे दर कळवायला स्वतःचा साधा प्रोटोकॉल लिहितोय. कुठे फसेन?

बर्फवाला, हर्णै

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो. त्याआधी पुण्यात नेटवर्क सपोर्टची नोकरी केली, त्यामुळे सॉकेट, पोर्ट असले शब्द ऐकून घाबरत नाही. पण प्रोटोकॉल, म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, असा स्वतः कधी लिहिलेला नाही.

हर्णैचा लिलाव बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. होड्या लागल्या की वाळूवर ढीग पडतात, ओरडून बोली लागते आणि बघता बघता माल टेम्पोत. दापोली, खेड, मंडणगडच्या बाजारात बसणाऱ्या मावश्या संध्याकाळच्या लिलावाला येतात. घरातून निघण्याआधी त्यांना एवढंच हवं असतं: बोटी लागल्या का, माल काय आहे, दर साधारण कुठे आहे. आणि एवढ्यासाठी सगळ्या मला फोन करतात, कारण कोण किती लाद्या उचलतोय यावरून मला आधी अंदाज लागतो. फोन उचलू की लाद्या मोजू?

व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्याचं काय होतं तुम्हाला माहीत आहे. सुप्रभात, वाढदिवस, कोणाच्या तरी पुतण्याचा क्रिकेटचा चषक, आणि मध्येच परवाचा दर आजचा म्हणून फिरतो. एकदा पुढे ढकललेल्या मजकुराला ना तारीख, ना बाप.

तर डोक्यात असं आहे. फोनमधलं छोटं ॲप सर्व्हरला टीसीपीने (नेटवरची नेहमीची जोडणी) जोडेल, एक ओळ पाठवेल, सर्व्हर साधा मजकूर देईल आणि जोडणी तोडेल. कुकी नाही, लॉगिन नाही, चित्र नाही. नाव ठेवलंय 'हाक'.

ॲप म्हणणार: दर/हर्णै

सर्व्हर म्हणणार:
सुरमई ६५०
पापलेट ९००
बांगडा १४०

(आकडे नमुन्याचे आहेत. यावरून कोणी भाव करायला येऊ नका.)

यात मी नवीन काही शोधलेलं नाही. १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून निघालेला गोफर हा प्रोटोकॉल साधारण असाच चालतो: पोर्ट ७० ला (म्हणजे सर्व्हरच्या ७० नंबरच्या दाराला) जोडा, एक ओळ पाठवा, उत्तर वाचा. त्याहून जुना फिंगर, पोर्ट ७९, तोही तसाच. माझी अट एकच आहे. उद्या दाभोळला किंवा जयगडला कोणाला फेरीबोटीच्या वेळा सांगणारा आपला सर्व्हर उभा करावासा वाटला, तर प्रोटोकॉलचं वर्णन एका पानात मावलं पाहिजे आणि बी.एस्सी. करणाऱ्या पोराने ते वाचून दुपारभरात चालता सर्व्हर लिहिला पाहिजे. मला विचारायला यायची गरज पडता कामा नये.

एन्क्रिप्शन घ्यावं का? चूक झाली हे कसं कळवावं? आणि मला जे दिसत नाहीये ते काय?

टेलनेट, ठाणे

बर्फवाला, कल्पना छान, पण सरळच विचारतो. एचटीटीपीने, म्हणजे वेबच्या नेहमीच्या प्रोटोकॉलने, तुमचं काय घोडं मारलंय?

साध्या वेब सर्व्हरवर एक मजकुराची फाईल ठेवा, झालं काम. ब्राउझर प्रत्येक स्मार्टफोनात आहे. ॲप कोण टाकणार, कोण अपडेट करणार? मावश्यांच्या फोनात नातवंडांच्या व्हिडिओंनी आधीच जागा उरलेली नसते. शिवाय वेगळा पोर्ट घेतलात की कॉलेजचं किंवा हॉटेलचं वायफाय तो अडवणार. ८० आणि ४४३ सोडून बाकी बंद, अशी बऱ्याच ठिकाणी रीतच आहे.

आणि आयतं मिळतंय ते सोडताय. उत्तराची लांबी आधीच सांगणारा हेडर, म्हणजे माथ्यावरची माहितीची ओळ, आहे. ई-टॅग आहे: फोन विचारतो, माझ्याकडे ही प्रत आहे, काही बदललंय का? सर्व्हर ३०४ म्हणून मोकळा, मजकूर पुन्हा जातच नाही. मजकूर दाबून लहान करणारं जीझिप आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची रीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, त्यातला पहिला कायम तोच आणि दुसरा दोनांपैकी एक. जीझिपला देवनागरी म्हणजे श्रावणातलं जेवण.

एक इतिहास लक्षात घ्या. एचटीटीपी ०.९ हेही १९९१ मध्ये तुमच्या हाकेएवढंच होतं. 'गेट' आणि पत्ता, उत्तरात नुसतं एचटीएमएल. हेडर नाही, स्टेटस कोड नाही. १९९६ मध्ये १.० चा आरएफसी १९४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) निघाला तोवर हे सगळं येऊन बसलं होतं, कारण लोकांना लागलं. तुम्हालाही लागेल.

बर्फवाला, हर्णै

टेलनेट, ॲपचा आणि पोर्टचा मुद्दा खिशात घातला, त्यावर विचार करतो. बाकीच्यावर थोडं भांडतो.

मावशीच्या हातात मुलाने वापरून टाकलेला फोन असतो. अँड्रॉइड ६ म्हणजे चांगला म्हणायचा. हल्लीचे ब्राउझर साधा पत्ता टाकला तरी आधी एचटीटीपीएसचं (कुलूपबंद एचटीटीपी) दार वाजवून बघतात. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्यांचं मूळ) मुदतीबाहेर गेलं, तेव्हापासून ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडवर लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट सर्टिफिकेटं चालवायला मधला तोडगा काढावा लागला होता. तोही २०२४ मध्ये संपला. वर, बॅटरी पार उतरून पुन्हा चालू झालेल्या फोनची तारीख कधी कधी कुठल्या कुठे मागे गेलेली असते. मग ब्राउझर म्हणतो हे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, आणि लाल पाटी दाखवतो. लाल पाटी दिसली की मावशी फोन पदरात गुंडाळून थेट कारखान्यात. म्हणजे फोन उचलायचा त्रास वाचवायला गेलो आणि फोन दुरुस्तीचं दुकान उघडून बसलो.

फेऱ्यांचाही, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायचा, हिशेब आहे. टीसीपी जोडणीला एक फेरी, त्यावर टीएलएसची (एचटीटीपीएसचं कुलूप ते हेच) १.३ असेल तर एक, १.२ असेल तर दोन, मग कुठे तुमची विनंती निघणार. ठाण्यात हे कळणारही नाही. इथे टॉवर टूजीवर आला की एकेक फेरी अर्धा सेकंद सहज खाते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, त्यानंतर इकडे कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले आणि टॉवर जनरेटरवर. रेंजची एक काडी मिळायची तिथे माणसं उभी. त्या एका काडीवर जे चालेल तेच मला हवंय.

आणि हेडर येऊन बसले कारण बसायला जागा होती. २०१९ मधलं जेमिनी बघा. सॉल्डरपंक या टोपणनावाच्या माणसाने सुरू केलं, पोर्ट १९६५, म्हणजे नासाच्या जेमिनी यानाची पहिली माणसांसह अंतराळफेरी झाली ते साल. विनंती म्हणजे फक्त पत्ता, जास्तीत जास्त १०२४ बाइटांचा. उत्तराच्या माथ्यावर दोन आकडी कोड आणि एक छोटी माहिती, बस्स. नवा हेडर घुसवायचा म्हटला तर जागाच नाही, आणि ती मुद्दाम ठेवलेली नाही. मला ते फार आवडलं. फक्त त्यात टीएलएस सक्तीचं आहे, म्हणजे मी पुन्हा लाल पाटीपाशी.

खाडीपलीकडची, गुहागर

दोघांचंही भांडण वाचलं. मी चिपळूणला बरीच वर्षं नेटवर्क शिकवलं आहे, त्यामुळे थोडी मास्तरकी होईल, चालवून घ्या.

बर्फवाला, खरी मेख कोणी बोललंच नाही. उत्तर संपलं हे फोनला कसं कळणार?

तुम्ही म्हणता, जोडणी तुटली की संपलं. पण तुमचा सर्व्हरचा प्रोग्रॅम निम्म्यात कोसळला, तर बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या वतीने जोडणी अगदी रीतसर बंद करते. फोनला वाटतं, आलं सगळं. आता तुमचीच यादी घ्या. पहिल्या ओळीत इंग्रजी आकड्यांचे ६५० पाठवताय आणि शेवटचा बाइट गळला. उरले ६५. सुरमई ६५ रुपये! तो आकडा कुठूनही मोडका दिसत नाही. चित्र अर्धं आलं तर डोळ्यांना दिसतं, वाक्य अर्धं आलं तर वाचताना अडतं. अर्धा आकडा मात्र पूर्ण आकड्यासारखाच दिसतो, आणि तुमच्या धाग्यात तर सगळे आकडेच.

गंमत म्हणजे देवनागरी आकडे वापरलेत तर थोडं संरक्षण आपोआप मिळतं. ६ हा आकडा यूटीएफ-८ मध्ये ई०, ए५, एसी असे तीन बाइट होतो. शेवटच्या आकड्याच्या पोटात तुटलं तर पडद्यावर चौकोन येतो आणि माणूस सावध होतो. दोन आकड्यांच्या मधोमध तुटलं तर पुन्हा तेच ६५. म्हणजे उपाय नव्हे, नशीब.

मजकूर लहान आहे, एकाच पॅकेटात जाईल, असं म्हणाल. एका पॅकेटात साधारण १४६० बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची ४८६ चिन्हं. आज मावेल. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम भरात आला, यादीत कोळंबीचे चार प्रकार, म्हाकूल, हलवा, घोळ आले, की बघा.

गोफरने मजकुराच्या शेवटी एकट्या टिंबाची ओळ ठेवली. ते बरं आहे, पण मग मजकुरातली ओळ टिंबाने सुरू झाली तर तिच्यापुढे आणखी एक टिंब लावायचं, वाचताना ते काढायचं, आणि हे कोणीतरी विसरतंच. जेमिनीत टीएलएसचा निरोप घेण्याचा संदेश आला नाही तर उत्तर अपुरं समजायचं. तुम्हाला टीएलएस नको असेल तर पहिल्याच ओळीत लांबी सांगा. आणि ती बाइटांत, अक्षरांत नव्हे. 'हर्णै' यात अक्षरं किती? वाचणारा म्हणेल दोन. युनिकोडमध्ये पाच चिन्हं. तारेवर पंधरा बाइट. तिघेही बरोबर, आणि सर्व्हर एक मोजणार, ॲप दुसरं.

दुसरी गोष्ट. विनंतीत मराठी शब्द ठेवू नका. उद्या तुम्ही 'वाऱ्याचा अंदाज' ठेवाल. त्यातला 'ऱ्या' एका कीबोर्डवर स्वतंत्र ऱ या चिन्हाने येतो, दुसऱ्यावर र खाली नुक्ता लावून, तिसऱ्यावर र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक करता येतात, तिसरा त्यानेही होत नाही. मग एका मावशीला वारा कळतो आणि शेजारणीला 'असं काही नाही' म्हणून उत्तर येतं. गोफरच्या यादीत प्रत्येक ओळीला दाखवायचं नाव वेगळं आणि मागायची खूण वेगळी, मध्ये टॅब. ते घ्या. नाव मराठीत हवं तसं लिहा, खूण साध्या आकड्यांची.

तिसरी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा सर्व्हर काय देणार? रिकामं उत्तर देऊ नका. 'आज दर नाहीत' हे उत्तर आहे, 'मला माहीत नाही' हे दुसरं उत्तर आहे आणि 'तुम्ही मागितलं ते समजलं नाही' हे तिसरं. या तिघांना वेगळे कोड द्या. दहा कोडांची गरज नाही. स्पार्टन नावाचा एक साधा प्रोटोकॉल आहे, पोर्ट ३००, तो एक आकडी कोडांवर चालतो आणि त्यात त्याचं काही अडत नाही.

आणि चुकीची विनंती आली तर स्पष्ट नाही म्हणा. जॉन पोस्टेल यांचं जुनं सूत्र आहे की पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार. मीही ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. पण उदारपणाने दुसऱ्याच्या चुका पचवत गेलं की त्या चुकाच हळूहळू नियम होऊन बसतात. २०२३ चा आरएफसी ९४१३ यावरच आहे. नवीन प्रोटोकॉल, चार सर्व्हर, सगळे ओळखीचे. आत्ताच कडक राहा, पुढे जमणार नाही.

रापणकार, मालवण

बर्फवाल्यानू, तुमचा ता पोर्ट-बिर्ट माका कळणा नाय. पण दर सांगतास तसो वारो पण सांगा. इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) बुलेटिन येता, लाटांचो अंदाज येता, पण त्येचा पान उघडूक थंय रेंज खंय आसा?

आणि भरती सर्व्हराक कित्याक विचारूची? तिथीक पाऊण पटीन गुणा. आज पंचमी, म्हणजे पावणेचाराक पूर्ण भरती. ढोबळ आसा, पण रापण घालूक पुरता.

टेलनेट, ठाणे

रापणकार, तुम्ही पोर्ट-बिर्ट कळत नाही म्हणता आणि धाग्यातली सगळ्यात मोलाची सूचना करून जाता. फोनला स्वतः काढता येतं ते तारेवरून पाठवूच नये. भरतीचं वर्षाचं कोष्टक ॲपमध्ये टाका. तेवढंच सर्व्हरचं एक काम कमी.

ताई, लांबीच्या मुद्द्यावर तुम्ही माझीच बाजू मांडलीत हे नोंदवून ठेवतो. ;)

किल्ली, रत्नागिरी

टीएलएस हवं की नको यावर तुम्ही दोघे अडलाय, पण इथे गुपित आहे काय? दर वाळूवर ओरडून लागतो. लपवायचं काहीच नाही. हवी आहे ती खात्री, की हा दर बर्फवाल्यानेच लिहिला आणि आजच लिहिला.

टीएलएस राखण करतं जोडणीची. मजकूर फोनात उतरला की ती राखण संपली. आणि तुमचा मजकूर तिथे थांबणार नाही, कोणीतरी तो कॉपी करून ग्रुपवर टाकणारच, तुम्ही कितीही नको म्हणा. वाटेत एखाद्याने बांगड्याचे १४० चे ११० केले की खेडच्या चार जणी भाडं खर्चून हर्णैला येतात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

म्हणून सही जोडणीवर नको, मजकुरावर करा. एड२५५१९ ही डिजिटल सहीची पद्धत घ्या, २०१७ च्या आरएफसी ८०३२ मध्ये आहे, प्रत्येक भाषेत तयार लायब्ररी मिळते. सही ६४ बाइट, ती तपासायची सार्वजनिक किल्ली ३२ बाइट. सर्टिफिकेट नाही, त्याची मुदत नाही, फोनची तारीख चुकलेली असली तरी सही तपासता येते. मजकूर कुठूनही येऊ दे, तुमच्या सर्व्हरवरून, ब्लूटूथने, ग्रुपवरून, ॲपमध्ये चिकटवला की खरा का खोटा ते सांगेल.

दोन पथ्यं. एक, तारीख-वेळ सहीच्या आतल्या मजकुरात हवी. नाहीतर परवाचा दर अस्सल सहीनिशी आज फिरेल. दोन, कॉपी-पेस्टमध्ये ओळीच्या शेवटची मोकळी जागा, खालची रिकामी ओळ गळून जाते आणि एक बाइट हलला तरी सही फिसकटते. त्यामुळे सही करताना आणि तपासताना मजकूर आधी एका ठरलेल्या रूपात आणायचा: ओळीच्या शेवटी मोकळी जागा नाही, रिकामी ओळ नाही, ओळ संपायला एकच चिन्ह.

किल्ली लोकांपर्यंत कशी पोचवायची, हा प्रश्न जगभर डोकेदुखीचा आहे. तुमच्याकडे नाही. क्यूआर छापून कारखान्याच्या भिंतीवर लावा. बर्फ घ्यायला सगळे तिथेच येतात.

बर्फवाला, हर्णै

ताई, किल्ली, दंडवत. काल रात्री बसून पान नव्याने लिहिलं. 'दर/हर्णै' गेलं, आता विनंती म्हणजे नुसता आकडा. उत्तर असं:

हाक १ २ १२२
बंदर हर्णै
वेळ २०२५-११-१४ १८:४०
सुरमई ६५०
पापलेट ९००
बांगडा १४०

पहिल्या ओळीत आवृत्ती, कोड आणि पुढच्या मजकुराचे बाइट. त्या बाइटांनंतर सही. तारेवर आकडे इंग्रजीच जातील, ॲप ते मराठीत दाखवेल. ओळीच्या शेवटाला एक बाइट धरून मोजा, १२२ च भरतात. मी हाताने मोजले, मग प्रोग्रॅमने, आणि 'बांगडा' ला अठरा बाइट लागतात हे बघून बांगड्याबद्दलचा आदर वाढला.

कोड तीनच. २ म्हणजे घ्या, ४ म्हणजे आज दर नाहीत, ५ म्हणजे मागितलं ते समजलं नाही. 'मला माहीत नाही' वेगळा ठेवा असं ताई म्हणतात, पण जिथे मीच दर लिहिणार आणि मलाच माहीत नाही, तिथे सर्व्हर गप्प बसलेला बरा. ताई ओरडतील, ओरडू देत.

टेलनेट, तुमचा मुद्दा खिशातून बाहेर काढतो. हेच १२२ बाइट आणि सही, जशीच्या तशी, साध्या वेब पत्त्यावरही ठेवतोय. सही मजकुरावर असल्यामुळे कुठल्या वाटेने आला याला महत्त्वच उरलं नाही. हॉटेलच्या वायफायवाल्याने ८० ने जावं, गावातल्याने माझ्या पोर्टने.

टेलनेट, ठाणे

मग प्रोटोकॉल उरला कुठे? तुम्ही फाईलचं रूप ठरवलंत, वाहतूक कोणतीही. मला हे मान्य आहे, फक्त त्याला प्रोटोकॉल म्हणू नका.

एक विसरू नका. पानावर परवाना लिहा. मिनेसोटा विद्यापीठाने १९९३ मध्ये गोफर सर्व्हरसाठी काहींकडून शुल्क घेण्याचं जाहीर केलं आणि लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सगळ्यांना मोकळं करून टाकलं. गोफर मागे पडायला आणखीही कारणं होती, पण हे एक मोठं. दाभोळच्या पोराला तुमचं पान वापरताना कोणाला विचारावं लागू नये.

बर्फवाला, हर्णै

परवाना लिहिला. 'कोणीही, कशालाही, न विचारता.' वकिलाला चालेल की नाही माहीत नाही, दाभोळला चालेल.

आणि प्रोटोकॉल उरलाय की. आधी कोण बोलणार, किती बोलणार, कधी थांबणार आणि समजलं नाही तर काय म्हणणार, एवढं ठरलेलं आहे.

रापणकार, मालवण

ता सगळा ठीक आसा. माझ्या मावशेकडे बटनाचो फोन. थंय ॲप खंयसून येतला?

बर्फवाला, हर्णै

रापणकार, तिथे एसएमएस. देवनागरीत एका एसएमएसला ७० चिन्हं मिळतात, इंग्रजीत १६० असतात तिथे. वरच्या तीन माशांना एकतीस लागतात, मोजली. बंदर, तारीख आणि आणखी एखादा मासा बसतो. सही अक्षरांत लिहिली की ८८ होतात. ती इंग्रजी अक्षरंच असल्यामुळे दुसऱ्या एसएमएसमध्ये मावेल, पण बटनाच्या फोनवर ती तपासणार कोण? तिथे माझ्या नंबरवरून आला तर खरा, नाहीतर खोटा, असंच मावशीला सांगायचं.

मालवणचा वारा मला हर्णैत बसून लिहिता येणार नाही. तो तुम्ही लिहा. पान पाठवतो, भाच्याला द्या, दुपारभराचं काम आहे. खूण ७ तुमच्यासाठी राखून ठेवलीय.